पाठीवरचा नंबर

संयोगितानं सीपीयूचं झाकण काढलं, टेबलफॅन त्याच्या तोंडाला लावला आणि चौथं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं.

पहिलं सुरूच झालं नव्हतं. तुमचा कॉम्प्युटर पात्र नाही, असं तोंडावर सांगून बंद पडलं. दुसऱ्यात व्हिडिओ ओढला की पडदा गोठायचा. तिसऱ्यानं सगळं करू दिलं आणि शेवटी चित्राच्या मधोमध स्वतःचंच नाव छापलं. पात्र नाही म्हणे! याच मशीनवर तिच्या बापानं, जोतीरामनं, अर्ध्या शिवाजी पेठेची लग्नं कापली-जोडली होती. मशीन तेच होतं. उंबरा उंच करणारे दुसरेच कुणीतरी, आणि नालायक ठरायचं ते या मशीननं.

फुटबॉल अकादमीला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता, आज सहाच्या आत. वय अठराच्या आत हवं. तिला पुढच्या महिन्यात अठरा वर्षं पुरी होत होती. म्हणजे ही एकच संधी. आणि अर्जात ठळक लिहिलं होतं: खेळाडूच्या पाठीवरचा नंबर स्पष्ट दिसावा.

जोतीराम चहाचे कप घेऊन आला. तिच्या सगळ्या मॅचेस त्यानंच लग्नाच्या कॅमेऱ्यानं शूट केल्या होत्या.

"चाललं का गं?"

"कुठलं! फायली लई जड हाईत, आबा."

"आता बघ चालवून. सकाळी तू प्रॅक्टिसला गेलतीस, तवा सगळ्या हलक्या करून ठेवल्यात."

आणि खरंच, चौथं पळालं. ती भराभरा कापत गेली, जोडत गेली. तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली. मग तिनं व्हिडिओ पडदाभर मोठा केला.

मैदानावर डाग पळत होते. पाठीवर नंबराच्या जागी पांढरा चिखल.

"आबा, मूळच्या फायली कुठं हाईत?"

"काढल्या की. डिस्क गच्च भरलीती. जागा केल्याबिगर पळतंय व्हय ते?"

"आणि कॅमेऱ्यातलं कार्ड?"

"ते पुसून त्यावर परवाचं बारसं घेतलं की."

तिनं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. पाच वीस झाले होते.

"लग्नाच्या सीडीला एवढंच लागायचं," जोतीराम म्हणाला. "कुणाची तक्रार न्हाय आली."

"नवरीच्या पाठीवर नंबर नसतोय, आबा."

तो खुर्ची ओढून पडद्याशी वाकला.

"नंबर कशाला पायजे? हजारात वळखीन मी माझ्या पोरीला. ही बघ." त्यानं एका डागावर बोट टेकवलं. "डाव्या पायानं कशी हाणलीस! गोल!"

तो गोल तिच्याच संघातल्या शिवलीलाचा होता. संयोगितानं उजवीकडून पास दिला होता, आणि देतानाच धडक लागून पडली होती. पडद्याच्या पार कडेला, रेषेजवळ.

"तूच की गं ही?"

"व्हय, आबा," ती म्हणाली. "मीच."

तिनं अर्जात नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, नंबराच्या रकान्यात अकरा लिहिलं आणि व्हिडिओ पाठवून दिला.

"परत लाव की एकदा," जोतीराम म्हणाला.

तिनं लावला. त्याचं बोट पुन्हा शिवलीलामागनं पळत गेलं. संयोगिता कडेच्या डागाकडे बघत राहिली. व्हिडिओ संपेपर्यंत तो डाग उठला नाही.