चारही चाकं गरम

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली गुण्या म्हणते. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं साधन. खुर्ची असो, खिडकी असो, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर, जरा तिरकं दिसलं की यांच्या कपाळाला आठी पडलीच. आमच्या फर्निचरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक वस्तूचा प्रत्येक सांधा ते स्वतः हलवून बघतात. तसूभरही हलला नाही, तर कानामागची निळी पेन्सिल काढून आतल्या बाजूला छोटीशी खूण करतात. ती खूण म्हणजे 'याची जबाबदारी माझी'. माझा नवरा पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतोय, पण ती पेन्सिल काही त्याच्या हाती लागलेली नाही.

अशा माणसाने आपली जुनी पिकअप माझ्या ताब्यात दिली, ती केवळ नाइलाजाने. नवऱ्याची कंबर धरली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि घरात दुसरं लायसन्स होतं ते माझं. तरी किल्ली राहिली बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खुर्चीमागच्या खिळ्यालाच. खिळा इतका उंच, की माझ्यासारख्या पावणेपाच फुटी बाईला रोज स्टुलावर चढून ती काढावी लागे. मागितली असती तर त्यांनी दिली असती. पण मागणार कोण!

आणि पहिल्याच दिवसापासून ब्रेक धरायला लागले. निघताना गाडी अगदी हलकी. चार-पाच किलोमीटर झाले की जड व्हायची, कुणी मागून पदर धरून ओढल्यासारखी. जळका वास यायचा. अर्धा तास उभी ठेवली की आपोआप मोकळी.

"तुझा पाय ब्रेकवरून उठतच नाही," बाबा म्हणायचे. "तो चालवायचा तेव्हा कधी असं झालं नाही. भीती वाटत असेल तर सांग, ड्रायव्हर लावू."

तीन आठवडे मी हे ऐकून घेतलं. भीती मला कधीच वाटली नव्हती. उलट त्या गाडीवर माझा जीव जडला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं जग माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आलं होतं, आणि ते मला कुणा ड्रायव्हरला देऊन टाकायचं नव्हतं.

शेवटी एकदा मागे कपाट आणि शेजारी बाबा असताना गाडीने चढावर मान टाकली. समोरच गॅरेज होतं.

"आता मिस्त्रीच काय ते सांगेल," बाबा म्हणाले. "गाडीचा दोष निघाला तर मी तुझी माफी मागतो. पायाचा निघाला तर किल्ली ड्रायव्हरकडे."

"चालेल," मी म्हणाले. रागाच्या भरातच बोलून गेले.

गॅरेजच्या मिस्त्रीला सगळे थांबा म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. त्याने हाताची मागची बाजू एकेका चाकाजवळ नेली, मग जॅक लावून एक चाक उघडलं. आत काहीच अडकलेलं नव्हतं.

"म्हणजे पायच," बाबा म्हणाले.

"थांबा काका. एकच चाक तापलं असतं तर चाकात शोधलं असतं. इथे चारही गरम आहेत. म्हणजे घोटाळा वर कुठेतरी आहे." तो बॅटरी घेऊन पेडलपाशी उताणा शिरला. बाहेर नुसत्या त्याच्या चपला दिसत होत्या. "थांबा, सापडलं. ब्रेकचं पेडल आधी थोडं रिकामं जायला पाहिजे. हे जातच नाही. मागची दांडी फिरवून कुणीतरी लांब केलीय. पाय काढला तरी ऑइलला मागे यायला वाट नाही. ते तापतं, फुगतं आणि चाकं धरून ठेवतं. नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत. कुणी हात लावला होता?"

मी वाकून आत पाहिलं. नटाशेजारच्या पत्र्यावर, बॅटरीच्या उजेडात, छोटीशी निळी खूण होती.

आधी मला हसू फुटलं. मग तीन आठवड्यांचा राग एकदम वर आला. सगळ्या गॅरेजसमोर आवाज चढवावा असं फार वाटलं.

"बाबा," मी म्हणाले, "जरा इकडे येऊन बघा."

ते चष्मा सावरत वाकले.

"खूण माझी आहे," ते म्हणाले.

थांबासुद्धा थांबा म्हणाला नाही.

"तू पहिल्यांदा गाडी नेणार होतीस ना, त्याच्या आदल्या दिवशी बसून बघितलं मी. पेडल डुगडुगत होतं. साधं स्टूल डुगडुगलं तरी मी बाहेर जाऊ देत नाही. आणि यात तर तू बसणार होतीस. म्हणून घट्ट केलं."

मी पाना उचलून मिस्त्रीच्या हातात दिला.

"थांबा काका, हे लाकूड नाही," मिस्त्री हसून म्हणाला आणि त्याने दांडी मागे फिरवली. बाबांनी पेडल हाताने दाबून पाहिलं. चिंच चावल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"हे असं सुटं ठेवायचं?"

"असंच ठेवायचं."

कपाट पोचवून आम्ही मुद्दाम लांबच्या रस्त्याने परतलो. दर थांब्याला बाबा उतरून चाकांना हात लावून येत होते. गाडी पाण्यासारखी चालली होती. मी माफीची वाट बघत होते, अगदी मजेत. ते मात्र "डावीकडे घे" आणि "पुढे खड्डा आहे" यापलीकडे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने स्टूल ओढलं, तर खिळ्याला किल्ली नाही. दिली वाटतं ड्रायव्हरला. कॉटवर पडलेला नवरा तोंडावर उशी दाबून हसत होता. त्याने दाराकडे बोट केलं.

दाराच्या चौकटीला, बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर, नवी लाकडी खुंटी होती. तिला किल्ली लटकत होती. मी खुंटी हलवून पाहिली. ढिम्म हलली नाही. मग खुंटीखालची, फक्त माझ्याच उंचीच्या माणसाला दिसेल अशी निळी खूण मला दिसली.

"माफी मागणार होतात," मी दाराबाहेर उभ्या बाबांना म्हणाले.

"उशीर होतोय," बाबा पाठमोरेच म्हणाले. "आज टेबल पोचवायचंय. मला यायची गरज नाही, तू जा."