वास न येणारी पूड

१९९६ च्या मार्चमध्ये बावड्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि विजयसिंहच्या बागेतल्या द्राक्षांचे मणी तडकले. व्यापाऱ्याने माल नाकारला. तेव्हा त्याची बायको जयवंता म्हणाली, आपण याची वाइन करू. आदल्या वर्षी बारामतीला बायकांसाठी फळप्रक्रियेचा आठ दिवसांचा वर्ग झाला होता, तिथं ती हे शिकून आली होती. घरात दारू होणार हे सासूबाईंना, धोंडाबाईंना, मुळीच पटलं नाही. जयवंताने दोन दिवस त्यांची समजूत घातली. आसवासारखंच असतं, जेवणानंतर घोटभर घ्यायचं, असं सांगितलं. विजयसिंहने तर कृषी प्रदर्शनात बाटल्या मांडायच्या म्हणून नावही देऊन टाकलं.

मदतीला थोरली जाऊ द्वारकाबाई होती. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती कमी बोलायची. तिनं घासलेलं भांडं परत बघावं लागायचं नाही.

वर्गातल्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. बरण्या, नळी, पळी, सगळं आधी केएमएसच्या पाण्याने निर्जंतुक करायचं. केएमएस म्हणजे सरबत टिकायला घालतात ती पांढरी पूड. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दोन चमचे पूड आणि थोडं लिंबूसत्त्व घालायचं. ढवळताना पेटत्या काडेपेटीसारखा वास नाकात शिरला पाहिजे, डोळे चुरचुरले पाहिजेत. वास आला नाही तर ती पूड गेली समजायचं आणि टाकून द्यायची.

जयवंताने पुडा काढला. गेल्या उन्हाळ्यात आंब्याच्या सरबताला वापरून तिनं त्याचं तोंड नुसतं दुमडून ठेवलं होतं. पावसाळाभर ओल लागून पुडीचे खडे झाले होते. तिनं ते फोडून पाण्यात घातले, ढवळले, नाक जवळ नेलं. वास जेमतेम होता.

नवा पुडा बारामतीला मिळाला असता. पण जाऊन येईपर्यंत दिवस मोडला असता, आणि तडकलेली द्राक्षं आताच आंबूस वास मारत होती.

"ह्याला वास कसा न्हाय गं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"हाय की. तुमी घ्या धुवून."

द्वारकाबाईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि बरण्या त्या पाण्याने विसळून पालथ्या घातल्या.

पहिले आठ-दहा दिवस बरण्यांत भरलेला रस चांगला फसफसला. मग वर पांढरी साय धरली, बरणीभोवती चिलटं जमली, आणि फडकं काढलं की शिरक्याचा वास नाकाला झोंबायला लागला. विजयसिंहने बरण्या उकिरड्यावर नेऊन ओतल्या. धोंडाबाईंनी मात्र विचारलं की बरण्या कुणी धुतल्या होत्या.

द्वारकाबाईनं मी धुतल्या म्हणून सांगितलं.

"तरीच," धोंडाबाई म्हणाल्या. "हिच्या हाताला यशच न्हाय."

तेवढ्या वेळात जयवंताला सहज बोलता आलं असतं. पण इतकं पटवून घरात आणलेली गोष्ट आपल्याच हातून बिघडली हे सासूसमोर कबूल करायचं तिच्या जिवावर आलं. ती खाली बघत फडकी गोळा करत राहिली.

धोंडाबाईंनी ते शेजारीही सांगितलं. उन्हाळ्यात आळीत कुरडया घालायला बायका जमल्या, तेव्हा द्वारकाबाईला कुणी चिकाला हात लावू दिला नाही. तुमी सावलीत बसा, म्हणाल्या. ती अर्धा तास बसली आणि उठून घरी आली. अक्षय्य तृतीया झाल्यावर ती कोऱ्हाळ्याला भावाकडे गेली. चार दिवसांनी येते म्हणाली होती, महिना झाला तरी आली नाही.

त्या महिन्यात जयवंताला जेवण गोड लागलं नाही. कोनाड्यात द्वारकाबाईची फणी तशीच होती. येता-जाता ती दिसायची. कोणी बरणीचं झाकण उघडलं की जयवंता उठून बाहेर जायची.

कैऱ्या निघाल्यावर सरबतासाठी म्हणून ती बारामतीला गेली. दुकानदारानं नवा पुडा दिला. स्टँडवर बसून तिनं त्याचा कोपरा किंचित फाडला. वास असा भसकन आला की ती खोकायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या बाईनं पाणी पुढं केलं. बावड्याची गाडी समोर लागली होती. ती सोडून जयवंता कोऱ्हाळ्याच्या गाडीत बसली.

द्वारकाबाई भावाच्या अंगणात शेंगा फोडत होती. जयवंता तिच्यापुढं बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पूड खराब होती, मला कळलं होतं, तरी मी वापरली आणि वर ठपका तुमच्यावर येऊ दिला.

"मला ठावं हाय," द्वारकाबाई म्हणाली. "वास मी बी घेतला व्हता."

"मग तवाच का बोलला न्हाय, आक्का?"

"तू बोलशील म्हणून थांबले." तिनं मूठभर शेंगा पुढं ओढल्या. "आत्याबाईंना सांगितलंस?"

"न्हाय."

"मग हितं काय आलीस?"

ती रागानं बोलली नव्हती. उठून तिनं चहा केला, आणि गाडी चुकेल म्हणून जयवंताला वेळेवर वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सारजा विरजण मागायला आली असताना, तिच्यासमोरच, जयवंतानं सासूला सांगितलं. धोंडाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढं दिवस तोंडाला कुलूप व्हतं व्हय?" त्यांनी विजयसिंहला हाक मारली आणि द्वारकीला घेऊन ये म्हणाल्या.

द्वारकाबाई आली. धोंडाबाईंनी पहिल्याच दिवशी कैऱ्या तिच्यापुढं ठेवल्या आणि लोणचं तूच घाल म्हणून सांगितलं. तिनं फोडी केल्या, मीठ चोळलं, मसाला कालवला. मग रिकाम्या बरणीपाशी गेली आणि थबकली.

"हात लावू का?" तिनं विचारलं.

"लावा की, आक्का," जयवंता म्हणाली.

लोणचं चांगलं टिकलं. पण पुढंही दह्याचं गाडगं असो की पापडाचं पीठ, द्वारकाबाई आधी तेच विचारायची. जयवंता दर वेळी लावा म्हणायची. विचारू नका, एवढं मात्र तिला कधी म्हणवलं नाही.