बल्ब किती तापला

नुसत्या चार्जिंगच्या वायरीत आत दोनच तारा असतात.

हर्सूलच्या तलावात त्या मे महिन्यात दोन टीम क्रिकेट खेळत होत्या. पंचासकट.

अण्णांच्या आंघोळीची बादली वीस लिटरची. रोज काठोकाठ.

वायरमन अनोळखी वस्तूला आधी हाताच्या पाठीनं शिवतो. तळहातानं शिवला आणि करंट असला तर बोटं आवळतात, सुटत नाहीत.

कडुबाकाकांची एकशे अकरा मेंढरं.

शंभर वॅटचा पिवळा बल्ब मागितला की दुकानदार आधी हसतो, मग माळ्यावर चढतो.

खांब तेच आहेत.

*

हे सगळं २०१९ च्या मे महिन्यातलं आहे. आता जोडून सांगते. सांगताना मधेच तुटेल, कारण यंत्रही तसंच तुटत होतं.

मी रत्नमाला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढते. माझे वडील मुंजाबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जन्मभर वायरमन. त्या मेच्या दीड वर्ष आधी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. आमचं घर हर्सूलच्या पुढं, जटवाडा रोडच्या आत. अण्णांनी ते बांधलं तेव्हा चारी बाजूंना माळ होता आणि आजोबा त्याच माळावर मेंढरं चारायचे. आता चारी बाजूंना रो-हाऊस आहेत, एकाच साच्यातून काढल्यासारखी. त्यातली बहुतेक अण्णांची नजर गेल्यावर उभी राहिली. म्हणजे ज्या वस्तीत ते राहतात ती त्यांनी पाहिलेलीच नाही.

कडुबाकाका त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी मेंढरं सोडली नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी दोघं तलावाच्या भिंतीजवळ लिंबाखाली बसायचे. डोळे गेल्यापासून अण्णा गेले नव्हते. काका दोनदा आमच्याकडं यायला निघाले आणि गल्ल्यांमध्ये फिरून परत गेले. फोनवर म्हणाले, "मुंजा, मेंढरू तोंडावरून वळखता येतं. तुमची घरं नाय येत."

रविवारी सकाळी काकांचा पुन्हा फोन आला. तलावात पाणी नाही, माळावर काडी नाही. बुधवारी सकाळी सातला कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी निघतोय. पाऊस झाला तर परत.

"मी येतो भेटायला," अण्णा म्हणाले.

"मी सोडते गाडीवर," मी म्हणाले.

"तू नको. हात धरून गेलो तर त्याला मी भेटलो असं व्हत नाय. मला आणून दाखवलं असं व्हतं."

"मग कसे जाल?"

"तुझी ती पाटी व्हणार व्हती ना? तिचं काय झालं?"

पाटी म्हणजे नकाशा. लाकडात कोरलेला, बोटांनी वाचायचा. रस्ते खोल, घरं वर, आणि रस्त्याकडेला विजेचे खांब म्हणून बारीक उंचवटे. खांबांची कल्पना अण्णांचीच. वस्ती बदलली, रस्ते वळले, पण खांब तेच आहेत, त्यांतले निम्मे त्यांनीच उभे केलेले. खांब मोजत जायचं.

कोरायला यंत्र होतं. टेबलावर मावणारं, छोटं सीएनसी. कॉम्प्युटरवर रेघ काढली की तीच रेघ त्याचं फिरतं पातं लाकडात काढतं. ऑफिसातल्या आप्पासाहेबांनी हौसेनं मागवलं, निम्मं जोडलं आणि कंटाळून मला दिलं. उरलेले स्क्रू फरसाणाच्या डब्यात. रविवारी काकांचा फोन आला तेव्हा माझं आणि यंत्राचं तीन आठवड्यांचं भांडण होऊन गेलं होतं. हातात आता तीन दिवस होते.

*

जोडणी नाही.

पहिला आठवडा यात गेला. कॉम्प्युटरला यंत्र दिसेचना. मी त्याच्या बोर्डवरच्या चिपसाठी लागणारा प्रोग्रॅम शोधून टाकला. तरी दिसेना. पुन्हा टाकला. सहाव्या दिवशी कळलं की मी मोबाइलची नुसतं चार्जिंग करणारी स्वस्त वायर लावली होती. तिच्यात वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, निरोप नेणाऱ्या दोन नसतातच. यंत्र जेवत होतं, पण त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

जोडणी आहे, भाषा नाही.

वायर बदलली. स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, आडव्यातिडव्या खुणा. दोघांना एकाच वेगानं बोलावं लागतं. मी वेग नऊ हजार सहाशे ठेवला होता, यंत्राला एक लाख पंधरा हजार दोनशे हवा होता. आकडा बदलला आणि त्यानं इंग्रजीत एक ओळ लिहून नमस्कार केला. आई तेव्हा मटकी निवडत होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. "चांगलं झालं, आता कामाला लाव," ती म्हणाली.

जोडणी आहे, दिशा उलटी.

पात्याच्या जागी पेन बांधून कागदावर नकाशा काढून पाहिला. उजवीकडचं सगळं डावीकडं. त्या पाटीवर विसंबून अण्णा तलावाकडं निघाले असते आणि हर्सूल जेलच्या भिंतीपाशी पोचले असते. एक सेटिंग बदलली, ते सरळ झालं.

मग खरं लाकूड लावलं, पातं सुरू केलं, ते लाकडाला टेकलं, पहिली रेघ निम्मी झाली आणि

*

जोडणी तुटली.

पुन्हा सुरू केलं. या वेळी रस्ता पूर्ण झाला, तिसऱ्या खांबाशी

*

तुटली. पेन बांधलं की तासभर चाले. पात्याची मोटर फिरली की दोन-चार मिनिटांत तुटे. एका परदेशी फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं, वायर आखूड घ्या. घेतली. दोन मिनिटांची सहा झाली. लॅपटॉप चार्जरशिवाय चालवा, असंही होतं, पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. रविवारी फोन आल्यानंतर मी सात वेळा सुरू केलं आणि सात लाकडं वाया घालवली.

सातव्या वेळी अण्णा भिंतीला हात लावत खोलीत आले.

"दाखव."

आता यांना काय दाखवणार, म्हणून मी यंत्रापासून बाजूला झाले.

"अगं, दाखव म्हंजे माझा हात ने तिथं."

मी त्यांचा हात यंत्राजवळ नेला. त्यांनी तो उलटा केला आणि बोटांची पाठ चौकटीला लावली. क्षणभर तशीच ठेवली.

"मुंग्या येतेत."

"थोड्या येतातच, अण्णा. मलाही येतात."

"थोड्या तरी कशाला येतील? माझ्या घरात?"

ते दुखावले होते. दीड वर्षात त्यांना कशाचा राग आलेला मी पाहिला नव्हता. मला तो राग बघून बरं वाटलं, हे खरं सांगते.

"शंभराचा बल्ब आण. होल्डर अन् दोन तारा माझ्या खोक्यात हायेत. येलईडी आणशील तर परत पाठवीन, ती तापत नाय."

बल्ब आणला. ते सांगत गेले तसं मी करत गेले. आधी बल्बच्या दोन तारा बोर्डाच्या फेजला आणि न्यूट्रलला. लख्ख पेटला. मग न्यूट्रलची तार काढून अर्थिंगच्या भोकात. आतली तार नुसती लाल झाली, निखाऱ्यासारखी.

"किती पेटला?" असं विचारून ते उत्तराला थांबले नाहीत. तळवा बल्बकडं नेत नेत अगदी काचेपाशी नेला.

"हा बल्ब हाय का काजवा?"

मग स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "ऐकती का गं? अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालती का?"

आईचं नाव कस्तुराबाई. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"नाय घालत."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी झाकणाचा एक खड्डा आहे. तळाशी तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ. घरातला भटका करंट तिथून जमिनीत उतरतो. पण त्यासाठी माती ओली लागते. आई रोज भांडी विसळलेलं अर्धी कळशी पाणी तिथं ओतायची. त्या वर्षी भांड्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासाला जाऊ लागलं, खड्ड्याच्या वाट्याला काही उरलं नाही. माती कोरडी झाली. करंटला उतरायला जागा राहिली नाही, तो यंत्राच्या अंगावर फिरू लागला, आणि मोटर सुरू झाली की वायरीतून शिरून बोलणं तोडू लागला.

"टँकर किती दिसाला येतो?" अण्णांनी विचारलं.

आईनं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

"रत्ने, तू सांग."

"आठ."

"अन् माझी बादली?"

"तुमाला काय करायचंय," आई म्हणाली. "आंघोळ मिळती ना?"

"तुमी किती घेता?"

"घेतो आमी."

आम्ही दोघी एक दिवसाआड अर्ध्या बादलीत करत होतो. त्यांना एवढं एक सुख राहिलंय, ते कमी करायचं नाही, असं आईनं दिवाळीतच ठरवलं होतं. मला तिनं तसं सांगितलंही नव्हतं. मी नुसती तिची बादली पाहिली आणि माझीही तेवढीच भरू लागले.

अण्णा खुर्चीवर बसले. बल्बच्या काढलेल्या तारा बोटाला गुंडाळू लागले.

"रेडिओवाले रोज वरडत व्हते, दुष्काळ दुष्काळ. मी म्हणायचो, उगं बोंबलतेत. माझी बादली तर भरलेली."

*

सोमवारी सकाळी सहा वाजता अण्णांनी खड्ड्याशेजारी आजोबांच्या वेळची आंघोळीची फरशी टाकून घेतली आणि अंगणात, उघड्यावर, आंघोळीला बसले. अर्धीच बादली. पाणी अंगावरून फरशीवर, फरशीवरून खड्ड्यात.

"लोक बघतेत," आई म्हणाली.

"बघू दे. मला दिसतेत का ते?"

आईनं भांडी उचलून तिथंच आणली. मीही फरशी पुसलेलं पाणी तिथंच नेऊन ओतलं. आंघोळीनंतर अण्णांनी ओंजळभर जाड मीठ सोडलं. दुपारी बल्ब पुन्हा लावला. काचेपासून बोटभर अंतरावर त्यांना ऊब लागली.

"पितोय," ते म्हणाले.

शेजारच्या गीताबाईंनी भिंतीवरून विचारलं की कसली पूजा चाललीये. आई म्हणाली, पूजा नाय, कॉम्प्युटरचं हाय. गीताबाईंनी संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी आणून दिलं.

मंगळवारी मी सुट्टी टाकली. अकरा वाजता बल्ब लावला आणि मला वाटतं तो पूर्ण पेटला, पण मी बोलले नाही. अण्णांनी चार बोटांवरूनच हात मागं घेतला.

"हा झाला शंभराचा. लाव तुझं यंत्र."

मी चौकटीला हात लावला, त्यांच्यासारखाच, पाठीनं. काही नाही. थंड धातू. पातं सुरू केलं. पहिली रेघ. दुसरी. तिसरा खांब. यंत्राचं वाक्य पूर्ण होईल की नाही या भीतीनं मी टेबलाची कड धरून बसले होते आणि ते पूर्ण झालं. आई दारात कळशी घेऊन उभी होती.

"तहान लागली त्याला तर सांग."

अडीच तास चाललं. शेवटचा लिंब कोरून पातं वर उचललं गेलं आणि आपोआप जागेवर जाऊन थांबलं. मी पॉलिश पेपर मारला. आमच्या घराच्या जागी एक पितळी स्क्रू बसवला, फरसाणाच्या डब्यातला. अण्णा ती पाटी मांडीवर घेऊन रात्रीच्या जेवणापर्यंत बसले होते. बोट चालायचं, थांबायचं, मागं जायचं. एकदा हसले.

"इथं बाभळ व्हती."

"आता दवाखाना आहे."

"असू दे. वळण तेच हाय."

बुधवारी सहाला ते निघाले. पाटी लोकरीच्या दोरीनं गळ्यात. एका हातात काठी, दुसरा पाटीवर. मी फाटकापर्यंत गेले.

"मागं येशील तर कळंल मला," ते म्हणाले. "तुझ्या चपला वाजतेत."

मी चपला काढल्या आणि तरीही गेले नाही. पहिल्या खांबाला त्यांनी काठी टेकवली, मग हाताची पाठ लावली आणि पुढं निघाले. दुसऱ्या खांबानंतर वळण आहे, तिथून दिसत नाही.

साडेनऊला परत आले. धोतराला मेंढरांचा वास, खिशात काकांनी दिलेलं मूठभर बोरकूट, सुक्या बोरांचा चुरा. आईनं खुर्ची पुढं केली.

"भेटले का?" मी विचारलं.

"भेटला. म्हणला, म्हातारपणी गळ्यात पाटी बांधून आलास, पोरीनं शाळेत घातलं का काय. मेंढरं मोजू दिली मला. हात लावून लावून. एकशे अकरा. बरोबर भरली." पाणी प्यायले. "नऊ नंबरचा खांब एक पाऊल अलीकडं पायजे व्हता."

"दुरुस्त करते."

"करायलाच पायजे. परतीला गुडघा लागला." मग पेला आईकडं देताना म्हणाले, "दिवाळीपासून अर्धी बादली. अन् मला पत्ता नाय."

पेल्यात उरलेला घोट आईनं बाहेर नेला आणि झाकण सरकवल्याचा आवाज आला.

आखूड वायर घ्या म्हणून लिहिणारा तो फोरमवरचा माणूस कोण ते मला माहीत नाही. त्याचे आभार मी त्याच्याच भाषेत, मोडकेतोडके लिहिले. आप्पासाहेबांना पेढे नेले, ते म्हणाले कशाचे. गीताबाईंना स्वयंपाकघरासाठी लाकडी चमचेदाणी कोरून दिली. घरातल्या दोघांचे आभार कसे मानायचे ते मला जमलं नाही. नवी पाटी कोरली, नवव्या खांबासकट.

अर्थिंगची प्लेट अण्णांनी १९९१ च्या मे महिन्यात पुरली. घरात वीज आली १९९३ ला. मधली दोन वर्षंही आई त्या खड्ड्यात रोज अर्धी कळशी पाणी ओतत होती.