महाराजांचे दोन्ही डावे पाय

पंचवटीतली आमची शाळा महाराजांच्या संस्थानने काढलेली. त्यामुळे दर गुरुवारी एक तास पादुकापूजनात जाई आणि तो नेमका इतिहासाचा असे. गणिताचा तास बुडवायला महाराजही धजत नसावेत.

१९७८ साली इतिहास शिकवायला सावळीराम सर होते. नोकरी तात्पुरती. जूनमध्ये त्यांना कायम करायचं की घरी बसवायचं, हे संस्थानचे अध्यक्ष कोंडाजीअण्णा ठरवणार होते. सरांचं लग्नही त्या एका सहीसाठी अडलं होतं.

नववीला इतिहासाच्या साधनांचा धडा आला. पुस्तकातल्या चित्रांवरून मुलांना काही कळेना, म्हणून सर सगळा वर्ग सभागृहातल्या काचेच्या कपाटापुढे घेऊन गेले. आत महाराजांच्या, गुरुवारी पूजेला बाहेर काढायच्या चांदीच्या पादुका होत्या, पायाची बोटंसुद्धा घडवलेल्या.

"ऐकलेलं सोडा. नुसतं बघा आणि सांगा," सर म्हणाले.

कुणी चांदी म्हणालं, कुणी कुंकू. मखमलाबादची यशोदा मात्र काचेला नाक लावून उभी होती.

"सर, दोन्ही डावे हायेत."

"काय डावे?"

"पाय. दोन्ही अंगठे एकाच बाजूला हायेत."

सरांनी पाहिलं. वर्गाने पाहिलं. मग सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. सराफाने एकाच साच्यातून दोन्ही काढल्या होत्या आणि इतकी वर्षं लोक डोळे मिटून त्यांवर डोकं टेकवत होते.

संध्याकाळी अण्णा आले. पादुका त्यांच्या वडिलांनीच अर्पण केल्या होत्या.

"मास्तर, तुम्हाला लढाया आणि तह शिकवायला ठेवलंय. महाराजांचे पाय तपासायला नाही."

"तपासले नाहीत अण्णा. नुसते पाहिले."

"तेच चुकलं. पायांवर डोकं ठेवायचं असतं, पाहायचं नसतं." अण्णांनी थोडा विचार केला. "असं करा. महाराज डाव्या पायावर उभे राहून तप करत, म्हणून दोन्ही डावे. उद्या वर्गात सांगा."

"याला आधार काय?"

"मी सांगतोय ना. आणि जूनमध्ये सही माझीच लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. सरांनी फळ्यावर 'ऐकीव माहिती' असं लिहिलं आणि अण्णांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. यशोदाचा हात वर.

"एकाच पायावर उभं राहायचे, तर दुसरी पादुका कशाला?"

"खाली बस, पोरी," अण्णा म्हणाले.

सरांनी खडू खाली ठेवला. "तिचा प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर माहीत नाही. अण्णांना असेल, तर ते सांगतील."

अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले.

जूनच्या सभेत सरांना काढणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण अण्णा हिशेबी माणूस. "काढला, तर गोदेच्या घाटावर जाऊन गावभर सांगेल. कायम करा. कायम झालेला मास्तर बोलत नाही."

सर कायम झाले, पण चित्रकलेला. इतिहास कवायतीच्या देवराम सरांकडे गेला. त्यांच्या शिट्टीपुढे कुणी प्रश्न विचारत नसे.

चित्रकलेच्या पहिल्या तासाला सरांनी रंगपेट्या उघडायला लावल्या.

"आज पानिपतचं चित्र काढायचंय. पण आधी मराठे इतक्या लांब गेलेच का, ते बघू." मग ते दाराजवळच्या बाकाकडे वळले. "आणि तुम्ही दोघं बाहेर लक्ष ठेवा. कुणी येताना दिसलं, की सगळ्यांनी घोडा काढायला लागायचं."