राणीसरकारांची ढोबळी मिरची

मुलगी शिकायला दूरच्या शहरात गेली आणि जाताना दोन गिनीपिग बापाच्या गळ्यात बांधून गेली. वसतिगृहात प्राणी चालत नव्हते, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. एकीचं नाव ठमी. ती तांबूस, गोल आणि जरा बावळट होती. दुसरी पांढरीशुभ्र, कायम नाक वर करून बसणारी, म्हणून तिला सगळे राणीसरकार म्हणत.

बाप कुलपं-किल्ल्यांचा कारागीर होता. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. आता तर तो एकटाच उरला होता. गिनीपिगांचा पिंजरा त्याने दुकानातच, कानशीच्या टेबलाजवळ ठेवला. मशीन घरघरायला लागलं की ठमी दचकायची. राणीसरकार मात्र ढिम्म हलायच्या नाहीत.

दोघी प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या. तिथे त्यांना कोरड्या गोळ्यांची सवय लागली होती, आणि गोळ्या नि वाळकं गवत सोडून जगात खाण्यासारखं काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. काही दिवसांनी ठमी चालताना पाय आखडून घ्यायला लागली, तेव्हा कारागिराने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तिचे सांधे चाचपून पाहिले.

"ताजी भाजी देता का?"

"देतो. खात नाहीत."

"खायला हवी. माणसासारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व आपोआप तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. सध्या मी दोघींसाठी थेंब देते, पण थेंबांवर किती दिवस काढणार? ढोबळी मिरची, कोथिंबीर, हिरवा पाला, असं रोज थोडं थोडं द्या."

कारागीर चिकाटीचा माणूस. त्याने ढोबळी मिरचीच्या दोऱ्यासारख्या पातळ चिरफळ्या केल्या. राणीसरकारांनी त्या हुंगल्या आणि त्यांच्यावर बसल्या. त्याने कोथिंबीर गवतात लपवली. दोघींनी गवताची काडी न् काडी वेचून खाल्ली आणि कोथिंबीर तशीच ठेवली, इतकी स्वच्छ निवडलेली की बाजारात पुन्हा विकता आली असती. गाजर किसून झालं, काकडी गार करून झाली, कोमट करून झाली. उरलेलं सगळं रात्रीच्या जेवणात त्याच्याच पानात यायचं. एक गिऱ्हाईक किल्ली घ्यायला आलं, तर हा पिंजऱ्यापुढे मांडी घालून स्वतः काकडी खात होता आणि म्हणत होता, "बघ, मी खातोय की नाही?"

"अख्ख्या पेठेची कुलपं उघडता," गिऱ्हाईक म्हणालं, "आणि या दोघींची तोंडं उघडत नाहीत?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्याने सगळी कर्मकथा ऐकवली.

"बाबा, आत्याकडे जा ना. तिची म्हातारी गिनीपिग, थोरली, समोर येईल ते खाते. एकीला खाताना बघून दुसरी शिकते, असं आत्याच म्हणत होती."

"दुसरं काहीतरी सांग."

"दुसरं काही नाही," मुलगी म्हणाली. "अजून बोलत नाही तुम्ही दोघं?"

त्याने हवापाण्याचा विषय काढला.

बहिणीशी अबोला धरायला कारण होतं, आणि ते कारण त्याला आठवायला आवडत नव्हतं. मुलीला दूर पाठवायचं की जवळच्या कॉलेजात घालायचं यावरून वाद झाला होता. "पोरीला पंख फुटलेत, उडू दे तिला," ताई म्हणाली होती. तो चिडला होता. "तुला मूल असतं तर कळलं असतं," असं तो बोलून गेला. ताईने हातातला कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती निघून गेली. त्यानंतर पोर गेलीच, पण ताईही गेली.

दुसऱ्या दिवशी ठमीने पाय ओढत पाण्याच्या बाटलीपर्यंत जायलाही आळस केला. कारागिराने दुपारी दुकान बंद केलं, दोघींना झाकणाच्या टोपलीत घातलं आणि तो ताईच्या लाँड्रीत गेला.

आत वाफ आणि साबणाचा वास भरून राहिला होता. ताई एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. तिने मान वर केली नाही.

"कपडे उद्या मिळतील."

"कपडे नाहीत आणले."

आवाज ओळखून तिने इस्त्री उभी केली. त्याच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे.

"पोरीची जनावरं?"

"भाजी खात नाहीत. एकीचे पाय धरलेत."

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. तिने टोपली उचलून मागच्या खोलीत नेली. तिथे खिडकीखाली थोरलीचं मोठं जाळीचं कुंपण होतं. थोरली काळीभोर, लठ्ठ आणि म्हातारी होती. ताईने मध्ये जाळी उभी करून कुंपणाचे दोन भाग केले आणि दोघींना पलीकडे सोडलं. मग प्लास्टिकची पिशवी नुसती सळसळवली. त्याबरोबर थोरलीने अशी काही शीळ घातली की कारागीर दोन पावलं मागे सरला.

ताईने सॅलडचं एक लांब पान थोरलीपुढे टाकलं. थोरली करकर करकर खायला लागली. ठमीचं नाक हललं. ती लंगडत जाळीपाशी आली. पानाचं दुसरं टोक जाळीतून तिच्या बाजूला आलं होतं. तिने ते हुंगलं, चावलं, थुंकल्यासारखं केलं आणि पुन्हा चावलं. मग दोघी दोन टोकांकडून एकच पान ओढायला लागल्या.

"खाल्लं," कारागीर हळूच म्हणाला.

"हळू. मोजू नकोस, बघत बसू नकोस. आपल्याकडे कोणी टक लावून बसलं तर घास उतरतो का?"

दोघं खिडकीकडे तोंड करून बसले. बराच वेळ पानाचा आवाज येत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते वाईट बोललो."

"हो."

"रागात गेलं तोंडून."

"रागात गेलं म्हणून काय झालं? मला लागलं. तुझी बायको गेली तेव्हा त्या पोरीच्या वेण्या कोणी घातल्या रे?"

"तू."

"मग?"

डोळे पुसायला त्याने खिशातला रुमाल काढला. तो इतका मळका होता की ताईने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि साबणाच्या बादलीत टाकला. "चहा ठेवते," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, पण चहात आलं घातलं, आणि त्याला आलं आवडतं हे तिला माहीत होतं.

तेव्हापासून दुपारची वेळ ठरूनच गेली. दुकान बंद करून टोपली घेऊन तो लाँड्रीत जायचा. ताईचं मशीन अडलं तर खोलून बसायचा, एकदा तर गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणंही लावली, वाकडी. ठमी थोरलीची चेलीच झाली. कोथिंबीर, गाजराचा पाला, जे थोरली खाईल ते ती खायची. पायही सुटले, आणि डॉक्टरबाईंनी तिचे थेंब बंद केले.

राणीसरकार मात्र लवकर बधल्या नाहीत. त्या कोपऱ्यात पाठ करून बसायच्या. त्यांचं वजन ठीक होतं, थेंब चालू होते, म्हणून ताई म्हणाली, "राहू दे. मनात येईल तेव्हा खाईल." एका दुपारी ठमी ढोबळी मिरचीची लाल फोड तोंडात धरून मिरवत होती. राणीसरकार उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि फोड सरळ तिच्या तोंडातून ओढून घेऊन कोपऱ्यात पळाल्या. बहीणभाऊ श्वास रोखून बसले. कोपऱ्यातून करकर ऐकू आली.

ताईने लगेच भाचीला फोन लावला. "अगं, तुझ्या राणीसरकार चोऱ्या करायला लागल्या," ती म्हणाली, आणि मग तिला इतकं हसू आलं की पुढचं सगळं कारागिरालाच सांगावं लागलं.