चरबी दाखवली की येतो

कुत्री तुम्ही मारलीत.

बंदूक दुसऱ्याच्या हातात होती, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत शेगडीला पाय लावून चहा पीत असाल, तुमच्या बोटाला बंदुकीच्या दारूचा वासही लागला नसेल. तरी आमच्या चोंग-तोर गावच्या बावीस पाळीव कुत्र्यांच्या डोक्यात गोळ्या घातल्यात त्या तुम्हीच. आणि ज्या बाईच्या अक्षरावर बोट ठेवून त्या घातल्यात, तिला दोन ओळींनी कळवण्याची लाजसुद्धा तुम्हाला वाटली नाही. आता हे वाचा. मधली पानं गाळू नका, तुमच्याच कामाची हकीकत आहे.

अनारकान ही आमच्या खोऱ्याची जनावरांची डॉक्टर. वय पंचेचाळीस, नवरा रशियात बांधकामावर, आवाज भरदार आणि पंजे गड्यासारखे. याकच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू सरळ करणारी बाई. लग्नाच्या जेवणात तिच्या शेजारी बसायला लोक कचरतात, कारण ती जेवता जेवता जंतांबद्दल बोलते.

बोलणारच. आमच्या गावच्या न्हाणीघरात कपडे उतरवले की निम्म्या पोटांवर बरगडीखाली तिरका व्रण दिसतो. कुत्र्याच्या आतड्यात तिळाहून बारीक जंत असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या केसांवर, गवतावर, आपल्या हातावर येतात. तिथून आपल्या काळजात म्हणजे यकृतात, नाहीतर फुप्फुसात पाण्याची गाठ धरते. दहा वर्षं पत्ता लागत नाही, मग एके दिवशी टरबुजाएवढी गाठ ओश शहरच्या इस्पितळात जाऊन कापून काढावी लागते. मेंढीलाही तीच गाठ होते. मेंढी कापली की गाठींनी भरलेलं फुप्फुस आपण कुत्र्यापुढे फेकतो, आणि चाक पुन्हा फिरायला लागतं.

यावर तुमचं औषध म्हणजे बंदूक. दर वसंतात दोन माणसं यायची, सापडेल ते कुत्रं मारायची, शेपट्या कापून पोत्यात भरून न्यायची. रानटी कुत्रं बंदूक पाहताच डोंगराला लागतं. पाळलेलं शेपूट हलवत पुढे येतं आणि मरतं. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. धनगराचं कुत्र्यावाचून चालत नाही, तो पंधरा दिवसांत कुरणावरून नवं पिल्लू आणतो, ते मिळेल ते खातं, आणि जंत पहिल्यापेक्षा दुप्पट. हे अनारकाननं तुम्हाला तीन वेळा लिहून दिलं होतं.

शेवटी तुम्ही तिला सांगितलंत, दोन वर्षं गोळ्या देऊन दाखव. कुत्री स्वच्छ निघाली, तर या खोऱ्यात बंदूक येणार नाही. सही-शिक्क्यानिशी सांगितलंत.

तिनं चाळीस कुत्र्यांना लाल पट्टे घातले, पट्ट्यावर आकडा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मेंढीच्या शेपटाच्या चरबीचे गोळे करायची, प्रत्येक गोळ्यात एक गोळी दाबायची आणि दारोदार फिरायची. हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ धरायचा तेव्हाही फिरली. दोन वर्षांत एक सोमवार चुकला नाही. पहिल्याच वर्षी तुम्ही यादी मागितलीत, तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिली. आकडा, रंग, घर, मालक, सकाळी कुठे बांधलेला असतो. शेवटचा रकाना तुम्ही मागितला नव्हता. कुणी मागाहून तिच्या जागी आलं तर त्याला कुत्रं चावू नये म्हणून तो तिनं आपणहून घातला होता. कुत्र्याला जवळ कसं बोलवायचं, त्याचा तो रकाना.

शेवटची तपासणी एका सोमवारी ठरली होती. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी ती दूर वरच्या वाड्यात मेंढ्यांना लस टोचत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाचे बार तिथवर पोचले नव्हते, तिला ऐकू आला तो मशिदीकडचा पहिला.

तिला वाटलं, कुणी लांडगा हाणला. मग दुसरा बार, तिसरा, आणि त्यामागून कुत्र्याचं ते ओरडणं, जे गोळी वर्मी न लागल्यावर येतं. हातातली सुई मेंढीच्या मानेत तशीच ठेवून ती धावत सुटली.

मशिदीच्या वळणावर तेवीस नंबर पडला होता. त्याच्या जबड्याचा खालचा भाग उडाला होता, तरी तो पुढच्या पायांवर सरपटत आपल्या फाटकाकडे जात होता. मालकीण फाटकात उभी राहून तोंडात डोक्याचा रुमाल कोंबत होती. एक माणूस मागून चालत आला, त्यानं कुत्र्याच्या मानेवर बूट ठेवला, आणखी एक गोळी घातली आणि खाली वाकून सुरीनं शेपूट कापलं.

"थांब! पट्टा दिसत नाही का डोळ्याला?" अनारकान किंचाळली.

"दिसतोय की, एजे. पट्टा बघूनच तर मारतोय."

तो तुर्दुबेक, पलीकडच्या गावचा शिकारी. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून तिला एजे, थोरली बहीण, म्हणणारा. त्याची घोडी अडली होती तेव्हा अनारकाननंच सोडवली होती. त्याच्या डाव्या हातात चरबीचा गोळा होता आणि खिशातून घडीचा कागद डोकावत होता.

"यादी काय झकास केलीय हो तुम्ही," तो म्हणाला. चेष्टा नव्हती, तो खरंच कौतुक करत होता. "दरवर्षी आम्ही आठवडाभर डोंगर चढतो. औंदा सकाळपासून एकवीस झाली. कोण कुठे बांधलंय, कोण चावतं, सगळं लिहिलेलं. हे बघा, 'चरबी दाखवली की येतो.' आणि येतो की!"

तिनं झडप घालून कागद ओढला. तिच्या अक्षराची नक्कल होती ती, वर तुमच्या कचेरीचा गोल शिक्का. एकवीस नावांवर काट मारलेली.

"ही तुला कुणी दिली?"

"वरून आली. शनिवारी राजधानीचे पाहुणे आहेत, रस्त्यावर कुत्रं दिसायला नको. मला काय विचारता? मी हुकमाचा ताबेदार."

"सोमवारी माझी तपासणी आहे, गाढवा! दोन वर्षं!"

"मग सोमवारी सांगा त्यांना," तुर्दुबेक म्हणाला आणि पुढच्या फाटकाकडे वळला.

ते फाटक म्हाताऱ्या मामबेतकुलचं होतं. त्याचा अकतोश, पांढऱ्या छातीचा, यादीत सतरावा, साखळी ताणून उभा होता. लाल पट्टे घालणारी अनारकान समोर आणि हवेत चरबीचा वास, म्हणजे सोमवार आला असं त्याला वाटलं. तो मागच्या पायांवर उभा राहून नाचायला लागला. अनारकान ओरडत मधे घुसली, पण तुर्दुबेकच्या जोडीदारानं तिला दंडाला धरून मागे खेचलं. बार झाला. अकतोश नाचता नाचताच उलटा पडला.

मामबेतकुल घोड्याचा चाबूक घेऊन बाहेर आला. सत्तरीचा माणूस, पण मनगट मेंढपाळाचं. पहिल्याच फटक्यात त्यानं तुर्दुबेकचा गाल कानापासून ओठापर्यंत फोडला. दुसरा बंदुकीवर बसला. तिसरा उचलला तेवढ्यात जोडीदारानं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. म्हातारा गुडघ्यांवर आला, थुंकला, आणि बर्फात तीन दात पडले.

"अता!" बापाच्या जागी असलेल्या म्हाताऱ्याला हाक मारत अनारकान त्याच्याजवळ बसली.

"होतेच किती," म्हातारा रक्तातून बोबडं बोलला. "कुत्र्याकडे बघ. जिवंत आहे का?"

नव्हता.

दुपारपर्यंत सव्वीस मुडदे नाल्यापलीकडच्या खड्ड्यात टाकले होते. बावीस लाल पट्ट्यांचे, चार मोकाट. बाकीची मोकाट डोंगराला लागली होती. पट्ट्याची उरलेली अठरा बायकांनी घरात लपवली, गाद्यांच्या ढिगाआड, तोंडं बांधून. संध्याकाळी डिझेल ओतून खड्डा पेटवायचा होता.

अनारकान खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. तिच्या पायाशी तुमचा शिक्का असलेला कागद होता. सोमवारी ती काय तपासणार होती? कुत्र्यांची विष्ठा. त्यात अंडी दिसली नाहीत की तुम्ही म्हणणार, विष्ठेवरून काय कळतं? हे तुम्ही आधीही म्हणाला होतात. जंत आहे की नाही, हे छातीवर हात ठेवून सांगायचं तर एकच वाट असते, कुत्रं फाडून आतडं बघणं. जिवंत कुत्र्याचं ते तिला करता आलं नसतं. आता सव्वीस आतडी तिच्यासमोर गरम पडली होती.

ती उठली, घरून सुऱ्या, काचपट्ट्या, भिंग, रबरी हातमोजे आणि मोठी कढई घेऊन आली. शेणी पेटवून पाणी उकळायला ठेवलं. हे काम असं उघड्यावर करायचं नसतं. आधी आठवडाभर कडाक्याच्या गारठ्याच्या यंत्रात मुडदे ठेवून अंडी मारावी लागतात. ते यंत्र तिच्याकडे नव्हतं, आणि आठवडाही नव्हता. एक अंडं ओठाला लागलं तर दहा वर्षांनी ती स्वतः ओशच्या टेबलावर. तिनं ओला रुमाल तोंडाला करकचून बांधला.

मामबेतकुल सुजलेलं तोंड घेऊन आला. "पाय कोण धरणार?"

"अता, घरी जा. यात मरण आहे."

"माझ्या पोटावर दोन व्रण आहेत, पोरी. मला काय दाखवतेस? हातमोजे आण."

आणि तिनं फाडायला सुरुवात केली. गळ्यापासून शेपटीच्या थोटकापर्यंत एक चीर. आतडं बाहेर, बांधून तोडायचं, उभं चिरायचं, काचेनं खरवडायचं, भिंगाखाली धरायचं. ज्या नाकांनी दोन वर्षं तिच्या तळहातातली चरबी हुंगली ती तिच्या गुडघ्याला टेकत होती. तेवीस नंबर, काही नाही. चार नंबर, काही नाही. अकरा नंबर, पोटात चार पिल्लं, जंत नाही. तिथे ती थांबली, रुमालाआडून एक शिवी हासडली, ती कुणाला हे तुम्हाला कळेल. पुन्हा वाकली. झालेलं आतडं उकळत्या पाण्यात टाकायची, पट्टा बाजूला ठेवायची, यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मामबेतकुलकडून लिहून घ्यायची.

मोकाट चार होते. एक स्वच्छ निघालं, तेही तिनं लिहायला लावलं. तिघांची आतडी मात्र आतून पांढरी, जणू कुणी कणी चिकटवावी तशी.

शेवटी सतरा राहिला. त्याचा नंबर येईल तसा म्हातारा त्याला मागे सारत होता, हे तिनं पाहिलं होतं.

"अता, आणा."

"त्याला राहू दे."

"एक सोडला तर ते म्हणतील, बाकीचेही खोटे."

तिनं अकतोश फाडला. खरवडलं. भिंग धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. होते. बारीक, कोवळे, अंडी न धरलेले, पण होते.

मामबेतकुलनं पेन्सिल खाली ठेवली. "दोन आठवड्यांपूर्वी सागिनला पुन्हा ताप भरला," तो म्हणाला. सागिन त्याचा मुलगा, त्याची दोन ऑपरेशनं झालेली. "डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं राहिलं नाही. मग मी मेंढा कापला. फुप्फुस गरम होतं तोवर पोराच्या पाठीवर, छातीवर मारत राहिलो. तो गुरासारखा ओरडत होता. रोग फुप्फुसात उतरतो आणि कुत्रा तो घेऊन जातो, बापजाद्यांनी असंच केलं. तू सांगितलं होतंस, पुरा म्हणून. पण पुरलं तर रोग घरातच राहतो ना? मी अकतोशपुढे टाकलं."

"गाठी होत्या त्यात?"

"भरलेलं होतं."

तिनं सुरी उगारली, खरंच उगारली. मग ती कढईच्या कडेवर इतक्या जोरात आपटली की पातं मोडलं. "सोमवारी गोळी होती, अता," ती म्हणाली. "चार दिवस. हे कोवळे आहेत, अंडी धरायला अजून महिना लागतो. सोमवारच्या गोळीनं सगळे मेले असते. तुमच्या फुप्फुसासकट, तुमच्या बापजाद्यांसकट."

"मग लिहू नको."

"लिहा. सतरा नंबर, जंत आहेत, कोवळे. लिहा म्हणते ना!"

म्हाताऱ्यानं लिहिलं.

उन्हं कलताना तुर्दुबेक डिझेलचे डबे घेऊन आला. गालाला पट्टी होती. फाडलेले सव्वीस मुडदे पाहून त्याच्या हातातून डबा सुटला.

"तुम्ही माणूस आहात की कोण, एजे?"

"भिंग धर," अनारकान म्हणाली.

"मला नाही बघायचं."

"सकाळी बघून मारलीस, आता बघून सांग. हा मोकाट. दिसतंय?"

तो पाहून मागे सरकला. "वळवळतंय."

"हा तेवीस नंबर. जबडा तूच उडवलास. दिसतंय काही?"

"नाही."

"कर सही."

"माझी नोकरी जाईल."

"तुझ्या बायकोच्या काळजातून गाठ काढली त्याला किती वर्षं झाली?"

तुर्दुबेकनं कोपरानं गालावरचं रक्त पुसलं आणि सही केली. मग डिझेल ओतून काडी टाकली. जळत्या केसांचा धूर गावावर आला, घराघरात तोंडं बांधलेली अठरा कुत्री आतल्या आत कण्हायला लागली. अनारकाननं अंगावरचे सगळे कपडे आगीत टाकले आणि म्हाताऱ्याचा कोट गुंडाळून घरी गेली.

तो कागद तुमच्याकडे पोचला आहे. पुढच्या बाजूला तुमचा शिक्का, मागच्या बाजूला तिचा हिशेब: पट्ट्याचे बावीस, स्वच्छ एकवीस. सोबत बावीस पट्टे उकळून, धुऊन पाठवलेत. चार महिने झाले. पळालेली मोकाट कुत्री डोंगरावरून उतरली, रिकाम्या फाटकांशी बसली आहेत. सागिन परवा गेला. अनारकानच्या पोटात काय आहे, ते दहा वर्षांनी कळेल.

पाहुण्यांना रस्ते स्वच्छ दिसले असतील. ते आम्ही विचारत नाही. कुत्री वाचवण्यासाठी लिहिलेली यादी तिनं तुमच्या टेबलावर ठेवली होती. तुमच्या कपाटातून ती काढून बंदूकवाल्याच्या खिशात कुणी घातली? त्याचं नाव काय? आणि सोमवार चार दिवसांवर होता, तेवढे चार दिवस तुम्ही का थांबला नाहीत?

उत्तर द्या. लेखी, सहीनिशी.