तीनशे बारा पायांवर एक नाव

उदयसिंह सरांची एकच इच्छा होती. कोल्हापुरातल्या त्यांच्या कॉलेजच्या पक्षिसंग्रहाचा इतिहास कुणीतरी लिहावा आणि त्यात आपलं नाव यावं. पंचवीस वर्षं ते संग्रहाचे प्रमुख होते. म्हणजे हाताखाली ज्ञानू शिपाई आणि तीनशे बारा मेलेले पक्षी. त्यांतला ज्ञानू तेवढा उलट बोलायचा.

२००४ साली शिरोळची प्रियदर्शनी नावाची संशोधक खरोखरच इतिहास लिहायला आली. फोटो निघेल म्हणून सरांनी मिशा काळ्या केल्या होत्या. कपाट उघडून त्यांनी आपला पराक्रम दाखवला. प्रत्येक पक्ष्याखाली रंगवलेली सुबक पाटी!

तिने माळढोक अलगद उचलून त्याचे पाय पाहिले. "सर, पायाची चिठ्ठी कुठं गेली?"

"त्या मळक्या चिठ्ठ्या व्हय? त्र्याण्णवला मंत्री येणार हुते. सगळ्या कातरून टाकल्या की!"

"पक्षी कुठं, कधी, कुणी मारला, ते चिठ्ठीवरच असतं, सर. वडील सांगायचे, ऊस यायच्या आधी आमच्या माळावर माळढोक होता. गावात कुणी खरं मानत नाही. हा तिथलाच असेल. पण आता कसं सांगणार?"

"मी तवाच म्हनलं हुतं, ऱ्हाऊ द्या," ज्ञानू म्हणाला. "सरांनी घरी नेऊन बंबात घातल्या."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी पाणी कसं झकास तापलं होतं, हेही नेमकं आठवलं. मंत्री तर आलेच नव्हते. शिकलो प्राणिशास्त्र आणि अक्कल मांडववाल्याची, असं त्यांनी स्वतःला मनातल्या मनात सुनावलं. त्या पोरीच्या वडिलांना आपण खोटं पाडलं, याचं मात्र खरंच वाईट वाटलं.

"आता काय करायचं, बाई?"

"जे नक्की माहीत आहे, तेवढंच लिहायचं."

ज्ञानूनं कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरा आणला. सरांनी वळणदार अक्षरात पहिली चिठ्ठी लिहून माळढोकाच्या पायाला बांधली. 'ठिकाण माहीत नाही. तारीख माहीत नाही. मूळ चिठ्ठी जाळणारा: उदयसिंह रामचंद्र घोरपडे, १९९३.' मग दुसरी. मग तिसरी.

दहाव्या पक्ष्याशी सर नुसतंच 'उ. रा. घो.' लिहू लागले.

ज्ञानू दोरा धरून थांबला. "पुरं नाव लिवा की, सर. इतिहास हाय."